सात रविवार

सलग आठ रविवार मी जिंकत होतो आणि त्या आठ आठवड्यांत एकदाही धड बसलो नाही. जिंकणारा माणूस खुशीत असतो असं ज्यांना वाटतं, ते बिचारे कधी जिंकलेले नसावेत. सोमवारी मला मंगळवार नको असायचा, मंगळवारी बुधवार नको असायचा. मला थेट रविवारची दुपार हवी असायची. कामाला बसलो की पाय हलायचा, पाय दाबून धरला की बोटं टेबलावर वाजायची. "अहो, अंगात काही शिरलंय का?" बायको विचारायची. शिरलं होतंच, पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं.

माझा धंदा दातांचा. डॉक्टर नाही मी. डॉक्टर दात काढतो, जबड्याचं माप घेऊन पाठवतो आणि त्या मापावर कवळी मी बनवतो. पुढे ती घट्ट झाली, सैल झाली, कुठे टोचली, की माणसं सरळ माझ्याकडेच येतात. खोलीत प्लास्टरची धूळ, पॉलिशचं चाक आणि फळीवर ओळीने मांडलेले जबडे. पंचवीस वर्षं हेच करतोय. रस्त्याने जाताना मी चेहरे बघत नाही, तोंडं बघतो. कुठली कवळी माझी आणि कुठली दुसऱ्या कोणा नगाची, हे मला दहा पावलांवरून कळतं. सांगायचा मुद्दा, मला दातांतलं कळत नव्हतं अशी सबब माझ्याकडे नाही.

दर रविवारी दुपारी एक ते पाच शिंपीणबाईंच्या दुकानात आमचा पोकर चालायचा. शटर अर्धं खाली ओढायचं, कटिंगच्या टेबलावरचे कपडे गोळा करून मशीनवर टाकायचे आणि चौघांनी चार बाजूंना बसायचं. दुकान बाईंचं म्हणून नियमही बाईंचे. पैसे टेबलावर ठेवायचे नाहीत, बटणं ठेवायची. शर्टाचं बटण एकाचं, पँटचं पाचाचं, कोटाचं विसाचं. दिवसभर कोणी धो धो जिंकला तरी घरी आठवड्याची भाजी जाईल, इतकाच तो जुगार. कोपऱ्यात बाईंचा कपडे चढवायचा बिनडोक्याचा पुतळा उभा असायचा. "आपल्यात पोकरला लायक चेहरा फक्त याचा," असं कंडक्टर दर आठवड्याला म्हणायचे आणि दर आठवड्याला स्वतःच हसायचे.

कंडक्टर म्हणजे बसवर तीस वर्षं तिकिटं फाडून निवृत्त झालेले गृहस्थ. पत्ते वाटायचं काम त्यांच्याकडे. "चला, पुढे सरका, पुढे सरका," म्हणत ते एकेक पान टेबलावरून सोडायचे. चौथे मास्तर. गणित शिकवायचे, बायको जाऊन सहा वर्षं झाली, एकटेच राहायचे. मुलगी, जावई आणि नातू चार गल्ल्या सोडून पलीकडे. पूर्वी मास्तर आमच्याकडे तीन वाजता यायचे, तृप्त ढेकर देत, आणि पहिले दोन डाव पेंगत खेळायचे. आता काही आठवडे मात्र पाऊण वाजताच शटरखालून त्यांचे बूट दिसायचे. "म्हातारपणी नाद लागला मास्तरांना!" असं आम्ही चिडवायचो. ते हसायचे, ओठ मिटून. त्यांची खालची कवळी मीच केलेली होती.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येकाला दोन पानं झाकून, टेबलावर सर्वांसाठी पाच पानं टप्प्याटप्प्याने उघडी. त्या सातांतली चांगली पाच ज्याची, तो जिंकला. दर टप्प्याला बटणं पुढे सारायची, नाहीतर पानं टाकून डावातून बाहेर पडायचं. फालतू पानं कोणीही टाकतो. हातात उत्तम पानं आहेत, समोरच्याची त्याहून उत्तम आहेत असा वास येतोय आणि तरी आपण आपली टाकतो, त्याला काळीज लागतं. ते माझ्याकडे नव्हतं. "बघू तरी," म्हणून मी प्रत्येक वेळी बटणं सारायचो आणि समोरच्याची पानं बघायला मिळाल्याच्या बदल्यात घरी हात हलवत जायचो. तीन वर्षं या टेबलाचा मी पोशिंदा होतो.

मग तो पहिला रविवार आला. माझ्या हातात दोन राजे, टेबलावर तिसरा. तीन राजे! माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. टेबलावर बदामची तीन पानं पडली होती, पण तिकडे मी बघतच नव्हतो. मास्तरांनी कोटाची चार बटणं शांतपणे पुढे सारली, आणि तेवढ्यात मला आवाज आला. टक.

दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आला नसता. पंख्याचा आवाज होता, बाहेर कोणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं. पण तो माझ्या हातचा आवाज होता. खालची कवळी हिरडीवरून किंचित उचलली गेली आणि वरच्या दातांवर आपटली. माणूस आतून उसळला की जीभ उचलते, जीभ उचलली की सैल कवळी उचलते. मास्तरांचा चेहरा पुतळ्याइतका कोरा होता, पण त्यांच्या तोंडात माझी कवळी त्यांची चहाडी करत होती.

मी तीन राजे टाकले. उघडे करून टाकले. कंडक्टर ओरडले, "अरे, वेड लागलं काय तुला?" आणि स्वतः बटणं सारून बघायला गेले. मास्तरांनी पानं उलटली. दोन्ही बदाम. टेबलावरचे तीन आणि हातातले दोन, पाच बदाम, आणि त्यांच्यापुढे तीन राजे म्हणजे पाणीपुरवठा खात्याचे कारकून. शिंपीणबाईंनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे असं बघितलं, जसं तीन वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

त्या दिवशी मी जिंकून घरी गेलो. पुढच्या रविवारीही गेलो. टक झालं की पानं टाकायची, टक नाही झालं की मास्तरांना धरून हाणायचं, इतकी सोपी विद्या होती. पण टेबलाला ती विद्या दिसत नव्हती, वैराग्य दिसत होतं. कंडक्टरांनी मला 'महाराज' म्हणायला सुरुवात केली. "महाराजांनी त्याग केला बरं का!" असं म्हणून ते हात जोडायचे. बाईंनी एकदा अगदी गंभीरपणे विचारलं, "तुम्हाला कळतं कसं हो?" मी म्हणालो, "माणूस वाचावा लागतो." लाज वाटत नव्हती बोलायला. इतकंच नाही, ते मला हळूहळू खरं वाटायला लागलं होतं.

त्या दुसऱ्या रविवारनंतरच्या मंगळवारी मास्तर माझ्या खोलीत आले. स्टुलावर बसले, फळीवरच्या जबड्यांकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अरे, हे खालचं जरा ढिलं झालंय. खाताना सरकतं. आवाजही येतो थोडा. आतून काहीतरी भर घालता येते ना?"

येते. कवळीला आतून नवं अस्तर लावतात. हिरडीचं ताजं माप घ्यायचं, त्यावर भर घालायची, एका संध्याकाळचं काम. दात काढल्यावर हिरडी काही महिने आक्रसत राहते, म्हणून थोडं थांबून लावतात, हेही खरं. पण मास्तरांचे दात काढून साडेचार महिने झाले होते. त्या दिवशी लावलं असतं तरी चाललं असतं. मला ते ठाऊक होतं. मी त्यांचा जबडा अंगठ्याने दाबून बघितला, भुवया उंचावल्या आणि म्हणालो, "हिरडी अजून बसायची आहे, मास्तर. आता भर घातली तर महिन्याभरात परत ढिलं होईल. थोडा दम धरा."

"तू म्हणशील तसं," ते म्हणाले. "यातलं तुला जास्त कळतं."

ते गेल्यावर मी पॉलिशचं चाक उगाच चालू केलं. हातात काहीच नव्हतं, नुसतं चाक फिरत होतं. एकच रविवार, मी स्वतःला सांगितलं. पुढच्या मंगळवारी बोलावून करून टाकू.

पुढच्या मंगळवारी बोलावलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मास्तर एकदा रस्त्यात भेटले आणि त्यांनी नुसती हनुवटीकडे बोट नेऊन भुवई उडवली. मी दुरूनच तळहात दाखवला, थांबा. त्यांनी मान डोलावली आणि पुढे गेले. शाळेत चाळीस वर्षं मुलांना 'थांब' म्हणणारा माणूस माझं ऐकून थांबत होता. माझा तो सबंध दिवस चिडचिडीत गेला. एका बाईंचे पुढचे दोन दात तिरके बसवले आणि त्यांनी ते आरशात बघून परत दिले, तेव्हा त्यांच्यावरच खेकसलो.

घरी बायकोने विषय काढला. माझ्या वहीत कोणाला कधी बोलवायचं ते तीच लिहिते. "मास्तरांचं नाव तीनदा लिहिलं, तीनदा तुम्ही खोडलंत. का?"

"हिरडी बसायची आहे."

"हिरडी बसेपर्यंत मास्तर उठतील की नाही ते बघा. काल दुकानात भेटले. पिशवीत काय होतं माहितीये? केळी, दूध आणि पाव. मी विचारलं तर म्हणाले, हलकं बरं पडतं. कॉलर आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जातील इतके वाळलेत."

"वयामुळे होतं," मी म्हणालो आणि उठून येरझाऱ्या घालायला लागलो.

"आता यात फिरण्यासारखं काय आहे?" तिने विचारलं. मला स्वतःचा राग आला होता आणि तो काढायला ती समोर होती, म्हणून मी बाहेरच निघून गेलो. बाहेर गेलो आणि कशाचा विचार केला? रविवारचा. चौथ्या रविवारी कंडक्टरांच्या चार दश्श्या कशा ओळखल्या होत्या ते आठवत चाललो होतो. त्या तर मी कानाने ओळखल्या नव्हत्या, माझ्या अकलेने ओळखल्या होत्या. म्हणजे मला कवळीची गरजच नव्हती. मग करून टाकावं की मास्तरांचं काम! आणि तरी वहीत नाव येऊ देत नव्हतो. माणूस स्वतःशी इतकं खोटं बोलू शकतो हे मला माझ्यामुळे कळलं.

आठव्या रविवारी बाई पत्ते उचलता उचलता सहज म्हणाल्या, "मास्तरांची पँट कमरेत दोन इंच आत घेतली हो मी. ऐन उमेदीत आलेत." कंडक्टर हसले. मास्तर ओठ मिटून हसले. कंडक्टरांनी घरून सफरचंद आणलं होतं, त्याच्या फोडी बशीत फिरत होत्या. मास्तरांनी एक फोड घेतली, थोडा वेळ हातात धरली, दातांशी नेली, परत आणली आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. मला दिसलं. फक्त मलाच दिसलं असणार, कारण तोंडांकडे बघायची सवय फक्त मलाच. या आठवड्यात नक्की, मी मनात म्हणालो. नंतर पानं वाटली गेली, टक झालं आणि मी माझी पाच सलग पानांची ओळ टाकून बटणं वाचवली. त्या दिवशीही मीच जिंकलो.

नववा रविवार. मास्तर नेहमीप्रमाणे आमच्या आधी येऊन बसलेले. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात लाल फोड आला होता आणि ते रुमालाने सारखं तोंड टिपत होते. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. सुरुवातीचे डाव कसेबसे गेले. माझा पाय टेबलाखाली इतका हलत होता की बाईंनी एकदा त्याच्यावर फूटपट्टी मारली.

चार वाजायला आले तेव्हा माझ्या हातात दोन राण्या आल्या. टेबलावर राणी, नव्वी, नव्वी, चौकी आणि शेवटी राजा. तीन राण्या आणि दोन नव्व्या. असा हात वर्षातून एकदा येतो. कंडक्टर आणि बाई कधीच बाहेर पडले होते. मास्तरांनी आपल्यापुढची सगळी बटणं, शर्टाची, पँटची, कोटाची, दोन्ही तळहातांनी गोळा करून मधे लोटली.

टक.

मी थबकलो. माझ्या हाताला हरवणारे हात दोनच. एक तर त्यांच्याकडे दोन राजे, नाहीतर उरलेल्या दोन नव्व्या. शंभरात एखादी शक्यता. पण कान कधी चुकला नव्हता. टक. पुन्हा झालं. मास्तर इतके उसळलेत की दोनदा! बाई श्वास रोखून माझ्याकडे बघत होत्या. कंडक्टर कुजबुजले, "महाराज?" आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला बटणांचा मोह नव्हता. हा हात टाकल्यावर ही दोघं वर्षानुवर्षं माझं नाव काढतील, त्याचा मोह होता. मी दोन्ही राण्या उलटवून टेबलावर ठेवल्या. "गेलो," मी म्हणालो.

बाईंच्या तोंडून "आई गं!" निघालं.

मास्तर कधीच पानं दाखवायचे नाहीत. समोरच्याने टाकली की यांनी आपली गड्डीत मिसळायची आणि कोणी विचारलं तर म्हणायचं, "पेपर तपासून झाला." पण त्या दिवशी त्यांना राहवलं नाही. त्यांनी पानं फाडकन उलटी केली. एक्का आणि दश्शी. काही नाही. गुलाम आला असता तर ओळ लागली असती. तो आला नव्हता, आणि हा माणूस नुसत्या हिमतीवर सगळी बटणं लोटून बसला होता. "महाराजांना उठवलं!" मास्तर ओरडले. शाळेतला पोरगा पहिला आल्यावर ओरडेल तसे. "काही नव्हतं हातात! काही नव्हतं!" आणि ते तोंड उघडून, मान मागे टाकून, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसले.

खालची कवळी बाहेर आली. टेबलावर पडली, एकदा उलटली आणि कोटाच्या बटणांमध्ये जाऊन थांबली.

मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे डोळे आधी बाईंकडे गेले, मग खाली. कान लाल झाले. सत्तरी ओलांडलेला माणूस, हजारो पोरांना फळ्यापुढे उभं करणारा, आणि तो वर्गात चड्डी ओली झालेल्या मुलासारखा बसला होता. मला रडू आलं असतं, पण रडायचा अधिकार माझा नव्हता.

मी कवळी उचलली. हातात घेताच कळलं. हिरडी इतकी आक्रसली होती की आतून अर्धं बोट जाईल एवढी पोकळी पडली होती. ही काय उसळल्यावर वाजणार? ही गिळताना, बोलताना, श्वास घेताना वाजत असणार. सगळा वेळ. पत्त्यांचा आणि तिचा संबंध कधीच संपला होता. सैल कवळी आठवड्यागणिक अजून सैल होते, हे माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी पहिल्या दिवशी सांगतो. जगात एखाद्याने ही चूक करायला नको होती, तर ती दात बनवणाऱ्याने.

"चला मास्तर," मी म्हणालो. "माझ्याकडे. आत्ता."

रविवारी संध्याकाळी मी माझी खोली उघडली. मास्तर स्टुलावर रुमाल तोंडाशी धरून बसले. मी कवळी धुतली, आतून खरवडली, मापाचा लगदा भरला, त्यांच्या तोंडात बसवून "दाबून धरा" म्हणालो, माप घट्ट झाल्यावर काढून प्लास्टरमध्ये बसवलं आणि पुढचं सगळं करत गेलो. अस्तर पक्कं व्हायला गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलं. आता दोन तास नुसतं थांबायचं होतं. दात नसताना ते बोलत नव्हते. माझ्यावर बोलायची वेळ आली होती.

"मास्तर," मी म्हणालो, "त्या मंगळवारी तुम्ही आलात ना, तेव्हाच हे करता आलं असतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हिरडीचं मी खोटं सांगितलं. तुमची पानं चांगली असली की कवळी वाजायची. मला ऐकू यायचं. म्हणून मी पानं टाकायचो. म्हणून जिंकत होतो." एवढं बोलायला मला खोलीच्या चार फेऱ्या लागल्या. "माझं चुकलं. फार चुकलं."

ते उठले, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले, पानं मागे उलटली आणि त्या मंगळवारवर बोट ठेवलं. तिथून पुढे एकेका रविवारवर बोट टेकवत आजपर्यंत आले. माझ्या ऑर्डरच्या पॅडवरचं पेन घेतलं, लिहिलं आणि पॅड माझ्यापुढे सरकवलं. मास्तरांचं ते गोल, नेटकं अक्षर. 'सात रविवार.' खाली दोन रेघा.

"हो," मी म्हणालो. "सात. तुमची जितकी बटणं गेली ती सगळी मी—"

त्यांनी हात झटकला, जसा फळा पुसल्यावर खडूचा झटकतात. पेन ठेवलं आणि जाऊन बसले. मला वाटलं, ते डाव मोजताहेत.

सात वाजता मी कवळी घासून, पॉलिश करून त्यांच्या तोंडात बसवली. त्यांनी जबडा डावीकडे हलवला, उजवीकडे हलवला. आवाज नाही. बायकोने शनिवारी डब्यात दिलेलं सफरचंद तसंच पडलं होतं, ते मी पुढे केलं. त्यांनी ते पुसलं आणि करकचून चावा घेतला. चावत राहिले, गिळलं, पुन्हा चावले, देठापर्यंत संपवलं. मग रुमालाने हात पुसून निघाले. दारात म्हणाले, "छान बसलंय."

पुढचा रविवार उजाडला आणि पाऊण वाजला तरी शटरखाली मास्तरांचे बूट नव्हते. एक वाजला, दीड वाजला. कंडक्टरांनी तिघांतच पत्ते वाटले. मी दोन छोटे डाव जिंकलो आणि काय जिंकलो ते मला आठवत नाही. दर पाच मिनिटांनी उठून मी वाकून शटरखालून रस्ता बघत होतो. "बसा हो," बाई वैतागल्या. "भिंगरी लागलीय नुसती!"

"मास्तर यायचे नाहीत बहुतेक," मी म्हणालो. मला खात्रीच होती.

"येतील की. तीनपर्यंत येतील," बाई म्हणाल्या. "रविवारी मुलीकडे जेवण असतं ना त्यांचं. वर्षानुवर्षं असतं. मध्ये बंद होतं. नातू म्हणाला म्हणे, आजोबांच्या तोंडात घड्याळ आहे. पोरच ते, हसलं. हे मनाला लावून बसले. मुलीला सांगायचे, रविवारी पत्ते असतात, यायला जमत नाही. पँट आत घ्यायला आले तेव्हा मला म्हणाले, कोणाला सांगू नका."

माझ्या हातात पानं होती. मी ती खाली ठेवली. पाऊण वाजता येऊन बसणारे ते बूट. नाद लागला म्हणून आम्ही केलेली चेष्टा. त्या बुटांत उभा असलेला माणूस चार गल्ल्यांवरच्या जेवणाच्या टेबलाऐवजी माझ्यासमोर येऊन बसत होता, आणि मी कान देऊन त्याची पानं ओळखत होतो. त्याने कॅलेंडरवर डाव मोजलेच नव्हते.

तीन वाजता शटर वाजलं. मास्तर वाकून आत आले, सरळ झाले आणि त्यांनी लांब, तृप्त ढेकर दिली. शर्टावर रश्शाचा डाग होता. "नातू सोडत नव्हता," ते कंडक्टरांना म्हणाले. "पाढे म्हणून दाखवत होता. सगळे चुकीचे." ते आपल्या जागी बसले, माझ्या बरोबर समोर. माझ्याकडे बघितलं, जसं कोणाही खेळणाऱ्याकडे बघतात तसं. त्यात राग होता की नव्हता, मला कळलं नाही.

तिसऱ्याच डावात माझ्या हातात दोन राजे आले आणि टेबलावर तिसरा पडला. सोबत दश्शी, नव्वी, अठ्ठी, आणि शेवटी एक फुटकळ दुर्री. ज्याच्याकडे राणी-गुलाम, गुलाम-सत्ती किंवा सत्ती-छक्की असेल त्याची ओळ लागलेली. मास्तरांनी कोटाची सगळी बटणं पुढे सारली.

मी ऐकलं. सवय होती, ऐकलंच. पंखा फिरत होता. बाहेर कोणी कोणाला हाक मारत होतं. मास्तरांचं तोंड मिटलेलं होतं आणि आतून काहीसुद्धा येत नव्हतं. ते खोटं दामटत असतील, नसतीलही. जगात बाकी सगळे लोक जसे खेळतात तसं मला खेळायचं होतं, आणि मला ते येत नव्हतं. 'बघू तरी' अगदी ओठांवर आलं. बटणांकडे हातही गेला. पण या माणसाच्या तोंडात मी आधीच फार डोकावलो होतो. मी तिन्हींपैकी माझे दोन राजे उचलले आणि टाकले.

"महाराज!" कंडक्टरांनी हात जोडले.

"होतं का काही, मास्तर?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

मास्तरांनी आपली दोन पानं गड्डीच्या मधोमध सारली, गड्डी चोपून सरळ केली आणि कंडक्टरांकडे ढकलली. "पेपर तपासून झाला," ते म्हणाले. मग बशीतली सफरचंदाची फोड उचलून त्यांनी तोंडात टाकली. मी अजूनही कान देऊन बसलो होतो. नुसता सफरचंदाचा आवाज येत होता.